उसनं इंटरनेट : सिम नसलेला टॅब आणि फोनचा हॉटस्पॉट

आजचा विषय वाचून काही जणांना नवल वाटलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं हॉटस्पॉटवर काय बोलावं? पण व्याख्यान संपल्यावर तुमच्याकडून जे प्रश्न येतात, त्यात एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येत राहतो. तो असा : "मुलानं टॅब घेऊन दिलाय, पण त्यात सिम घालायला जागाच नाही. घरी वायफाय आहे तोवर ठीक चालतं. गावी गेलो, दवाखान्यात नंबर लावून बसलो, रेल्वेत बसलो, की टॅब म्हणजे नुसती काचेची पाटी. मग यात इंटरनेट आणायचं कुठून?"

उत्तर एका वाक्याचं आहे. तुमच्या खिशातल्या फोनमधून आणायचं. फोनवर हॉटस्पॉट चालू करा, टॅब त्याला जोडा, झालं. पण एका वाक्याच्या उत्तरावर काम एकदाच भागतं. दुसऱ्यांदा काही अडलं की पुन्हा नातवाला हाक मारावी लागते, आणि नातू कॉलेजात असतो. आपल्या वयाच्या माणसांची खरी अडचण बटण सापडत नाही ही नसते. बटण दाबल्यावर आत काय होतं याची कल्पना नसते, म्हणून भीती वाटते, आणि भीती वाटली की आपण दुसऱ्यावर अवलंबून राहतो. तेव्हा आज जरा मुळापासून बघू. आधी हे घडतं कसं ते, मग करायचं कसं ते, आणि शेवटी, आपलं इंटरनेट दुसऱ्याला उसनं दिलं तर जबाबदारी कुणाची, हे बघू.

सिम म्हणजेच इंटरनेट का?

या प्रश्नाच्या पोटात एक गृहीत दडलेलं आहे. सिम असेल तर इंटरनेट, सिम नसेल तर नाही. आपल्या न्यायशास्त्रात एखाद्या वस्तूचं लक्षण, म्हणजे व्याख्या, तपासायची एक सोपी रीत आहे. लक्षण कुठे अपुरं पडतं का, हे बघायचं. त्याला अव्याप्ती म्हणतात. ते नको तिथं लागू पडतं का, हेही बघायचं. त्याला अतिव्याप्ती म्हणतात. आता "ज्यात सिम आहे त्यात इंटरनेट येतं" हे लक्षण घ्या. घरातला लॅपटॉप बघा. त्यात सिम नाही, तरी इंटरनेट चालतं. ही झाली अव्याप्ती. आता आपला जुना बटणांचा फोन बघा. सिम आहे, बोलता येतं, पण इंटरनेटचा पत्ता नाही. ही झाली अतिव्याप्ती. दोन्हीकडून लक्षण फसलं. म्हणजे सिम आणि इंटरनेट या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग सिम आहे काय? सिम हे ओळखपत्र आहे. पहिली सिम कार्डं १९९१ साली जर्मनीतल्या गीझेके अँड डेव्ह्रिएंट या कंपनीनं फिनलंडच्या रेडिओलिन्या या मोबाइल कंपनीसाठी केली. तेव्हा मोबाइलवर आजच्यासारखं इंटरनेट नव्हतंच, पण सिम होतं. कारण त्याचं काम वेगळंच आहे. सिममध्ये जास्तीत जास्त १५ आकड्यांचा एक क्रमांक असतो. हा आपला फोन नंबर नव्हे, हा ग्राहकाचा आतला क्रमांक. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारतासाठी ४०४ आणि ४०५ आहेत. त्याशिवाय सिममध्ये एक गुप्त किल्ली असते, आणि ती कधीही सिमच्या बाहेर पडत नाही.

आता गंमत बघा. किल्ली बाहेर पडत नाही, तर कंपनीला कसं कळणार की हे तुमचंच सिम? कंपनी एक कोडं पाठवते, एक कुठलीतरी संख्या. सिम आतल्या आत ती संख्या किल्लीशी मिळवून गणित करतं आणि फक्त उत्तर परत पाठवतं. कंपनीकडेही त्या किल्लीची प्रत असते, तिनंही तेच गणित केलेलं असतं. उत्तरं जुळली की दार उघडलं. किल्ली कुणी पाहिली नाही, पण ती तुमच्याकडे आहे हे सिद्ध झालं. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे असं आपण म्हणतो, त्याच जातीचं हे अनुमान.

म्हणजे सिम तुम्हाला पाणी देत नाही. नळजोडणी कुणाच्या नावावर आहे आणि बिल कुणाला पाठवायचं, एवढं ते सांगतं.

आणि टॅब? सिमचा खण नसलेल्या टॅबमध्ये दोन गोष्टी नसतात. एक तर ओळखपत्र नसतं, आणि मोबाइलच्या टॉवरशी बोलणारा रेडिओही बहुधा नसतो. २०१० साली पहिला आयपॅड आला तेव्हाच तो दोन प्रकारांत मिळत होता. एक नुसत्या वायफायचा, दुसरा वायफाय आणि मोबाइल नेटवर्क दोन्हीचा, आणि दुसरा अर्थातच महाग. आजही तसंच आहे. स्वस्त टॅब घेतला म्हणजे काही बिघडलेलं यंत्र गळ्यात पडलं असं नाही. त्याला फक्त वायफायची भाषा येते, एवढंच.

फोन मधे उभा राहतो

आता तुमच्या फोनकडे या. फोनमध्ये दोन्ही रेडिओ असतात. एक दूरच्या टॉवरशी बोलतो, दुसरा जवळच्या वायफायशी. एरवी घरी आल्यावर फोन वायफायचा ग्राहक असतो. हॉटस्पॉट चालू केला की तो बाजू बदलतो आणि स्वतःच वायफाय देऊ लागतो. एका हातानं टॉवरकडून घेतो, दुसऱ्या हातानं टॅबला देतो. घरातला वायफायचा डबा जे काम करतो तेच काम फोन करू लागतो.

या प्रकाराला टेदरिंगही म्हणतात. टेदर म्हणजे दावं. गाय खुंटीला बांधतो ते. टॅब फोनला दाव्यानं बांधलाय असं समजा. दाव्याची लांबी काही मीटर. मधे भिंती आल्या की आणखी कमी. फोन घेऊन कुणी बाजारात गेलं की टॅबचं इंटरनेट गेलं, यात बिघाड काहीच नाही. खुंटीच हलली.

आतलं कामकाज समजून घ्यायला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वाड्याला पत्ता एकच, आत बिऱ्हाडं दहा. पोस्टमन वाड्याच्या दाराशी येतो. कुठलं पत्र कुठल्या खोलीत द्यायचं हे दारावरच्या माणसाला माहीत असतं. हॉटस्पॉटमध्ये फोन हा तो दारावरचा माणूस. तो टॅबला आतला एक खोली क्रमांक देतो. अनेक अँड्रॉइड फोनवर तो १९२.१६८ नं सुरू होतो, आयफोनवर १७२.२०.१० नं. हे क्रमांक १९९६ साली मुद्दाम घरगुती वापरासाठी राखून ठेवलेत. जगात लाखो ठिकाणी तेच क्रमांक एकाच वेळी वापरात असतात आणि तरी घोटाळा होत नाही. दहा वाड्यांत "खोली नंबर ३" असली म्हणून काय बिघडतं?

टॅबनं एखादं पान मागितलं की फोन ती मागणी स्वतःच्या नावानं बाहेर पाठवतो, कुणी काय मागितलं त्याची आपल्याकडे नोंद ठेवतो, आणि उत्तर आलं की नोंद बघून टॅबकडे वळवतो. ही युक्ती १९९४ साली मांडली गेली, कारण पत्ते पुरणार नाहीत अशी चिन्हं तेव्हाच दिसू लागली होती. जुन्या पद्धतीनं इंटरनेटवर सुमारे ४२९ कोटीच पत्ते होऊ शकतात, आणि वाटपासाठी ठेवलेला त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. नव्या पद्धतीचे पत्ते खूप लांब आणि भरपूर आहेत. त्यात टॅबला स्वतःचा पत्ताही मिळू शकतो, पण तोही फोनला मिळालेल्या गटातलाच असतो.

हे एवढं का सांगतोय? कारण यातून एक गोष्ट निघते आणि पुढे तीच महत्त्वाची ठरणार आहे. बाहेरच्या जगाच्या लेखी तुमचा टॅब वेगळा नसतो. तो जे काही करतो, ते तुमच्या फोननं केल्यासारखं होतं.

आता प्रत्यक्ष करू

अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये जा. "नेटवर्क आणि इंटरनेट" किंवा "कनेक्शन्स" असं काहीतरी दिसेल. कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. त्यात "हॉटस्पॉट आणि टेदरिंग" शोधा. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत हॉटस्पॉट एवढाच शब्द टाका. आत गेल्यावर घाईनं बटण दाबू नका. आधी दोन गोष्टी बघा : नाव आणि पासवर्ड.

नाव म्हणजे टॅबच्या यादीत जे दिसणार ते. तिथं स्वतःचं पूर्ण नाव, फ्लॅट क्रमांक वगैरे घालू नका. ते आसपासच्या सगळ्यांना दिसतं. साधं एखादं झाडाचं नाव ठेवा. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. जन्मतारीख नको, मोबाइल नंबर नको. दोन-तीन असंबद्ध शब्द आणि मधे एखादा आकडा, असं केलं तर लक्षातही राहतं आणि कुणाला सुचतही नाही. सुरक्षा या सदरात "डब्ल्यूपीए२" किंवा "डब्ल्यूपीए३" असं दिसायला हवं. "ओपन" किंवा "काही नाही" हा पर्याय कधीही निवडू नका. का, ते पुढे येईल.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये "पर्सनल हॉटस्पॉट" आहे. तिथं इतरांना जोडू देण्याचं बटण आहे आणि खालीच पासवर्ड दिसतो. तो तिथंच बदलता येतो.

मग टॅब हातात घ्या. त्याचं वायफाय चालू करा, यादीत तुमच्या झाडाचं नाव येईल, त्यावर बोट ठेवा, पासवर्ड टाका. एकदा टाकला की टॅब लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी फोनवर हॉटस्पॉट चालू करणं एवढंच काम उरतं. आणि हो, फोनचा मोबाइल डेटा चालू हवा. ही साधी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.

अडलं तर काय? दोन प्रकार होतात.

पहिला, टॅब जोडला जातो पण "इंटरनेट नाही" म्हणतो. याचा अर्थ टॅब आणि फोन यांच्यातलं दावं ठीक आहे, फोन आणि टॉवर यांच्यामधे काहीतरी तुटलंय. फोनवरच एखादं पान उघडून बघा. तिथंही उघडत नसेल तर डेटा बंद आहे, पॅक संपलाय किंवा रेंज नाही. टॅबला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरा, यादीत तुमच्या हॉटस्पॉटचं नावच दिसत नाही. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचचा पट्टा वेगवान, पण भिंतीपाशी लवकर दमतो. दोन पॉइंट चारचा सावकाश, पण लांब पोचणारा. काही जुन्या किंवा स्वस्त टॅबना पाचचा पट्टा कळतच नाही. तेव्हा फोनच्या हॉटस्पॉटमध्ये बँड हा पर्याय शोधून २.४ निवडा. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या फोनवर "मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी" असं एक बटण आहे, ते हेच काम करतं.

वायफायशिवाय आणखी दोन वाटा आहेत. ब्लूटूथवरूनही इंटरनेट देता येतं. वेग फार कमी असतो, पण बॅटरी कमी खर्च होते; ईमेल वाचायला पुरतं. दुसरी वाट यूएसबी वायरची. लॅपटॉपसाठी ती उत्तम, कारण वेग चांगला मिळतो आणि लॅपटॉपकडून फोन चार्जही होत राहतो. टॅबच्या बाबतीत काही जोड्या जमतात, काही जमत नाहीत. त्यामुळे तुमच्यासाठी वायफाय हीच सरळ वाट.

पैसा आणि बॅटरी यांचा हिशोब

घरच्या वायफायला आणि हॉटस्पॉटला टॅब बरेचदा एकाच मापानं मोजतो. दोन्ही त्याच्या लेखी वायफायच. आणि वायफाय मिळालं की यंत्रं उदार होतात. अ‍ॅप अद्ययावत करतात, फोटो वर चढवतात, सगळं तुमच्या नकळत. पाहुण्यानं यजमानाच्या घरी भरपूर साजूक तूप वाढून घ्यावं, तसं.

जरा गणित करू. मध्यम दर्जाचं चलचित्र सेकंदाला २ मेगाबिट घेतं असं धरा. तासाचे सेकंद ३,६००. म्हणजे ७,२०० मेगाबिट. आठानं भागलं की ९०० मेगाबाइट. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर सुमारे १०० मिनिटांत तो संपला. तेच नुसता आवाज ऐकला, समजा सेकंदाला ६४ किलोबिटनं, तर तासाला जेमतेम २९ मेगाबाइट. तेव्हा प्रवासात माझं तोंड बघायची गरज नाही, ऐकलं तरी पुरे!

बऱ्याच पॅकमध्ये रोजचा डेटा संपल्यावर इंटरनेट बंद होत नाही, वेग ६४ किलोबिटवर येतो. त्या वेगानं एक मेगाबाइटचा फोटो यायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. पुष्कळांना वाटतं टॅब खराब झाला. टॅब ठणठणीत आहे, दिवसाचा शिधा संपलाय.

उपाय सोपा आहे. टॅबवर त्या हॉटस्पॉटच्या नावाच्या तपशिलात जा. अँड्रॉइडवर हे नेटवर्क मर्यादित आहे असं सांगायची सोय असते. आयपॅडवर "लो डेटा मोड" आहे. ते एकदा लावलं की टॅब हात आखडता घेतो.

बॅटरीचं म्हणाल तर फोन एकाच वेळी दोन रेडिओ चालवतो, त्यामुळे तो गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते. रेंज कमी असेल तिथं आणखी जास्त, कारण दूरच्या टॉवरला हाक मारायला जोर लावावा लागतो. फोन उशीखाली किंवा दुलईत ठेवू नका. काम झालं की हॉटस्पॉट बंद करा. आपल्या वयात फोनची बॅटरी ही चैनीची गोष्ट नाही. प्रसंगी डॉक्टरला आणि मुलांना हाक मारायचं तेच साधन असतं.

काय वाटता येतं, काय येत नाही

आता टॅबवर इंटरनेट आलं. मग टॅब फोनसारखाच झाला का? नाही. आणि कुठं नाही, हे बघितलं की सगळा विषय स्वच्छ होतो.

टॅबवर यूपीआयनं पैसे पाठवायला जा. जमणार नाही. कारण यूपीआयचं अ‍ॅप सुरुवातीला तुमच्या सिमवरून एक संदेश पाठवून खात्री करतं की बँकेत नोंदलेलं सिम याच यंत्रात आहे. टॅबमध्ये सिमच नाही. बँकेचा ओटीपी येतो तोही फोनवर. ११२ ला फोन लावायचा तर फोनच हातात घ्यावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅप टॅबवर चालतं, पण फोनवरच्या खात्याला जोडलेलं उपकरण म्हणून, आणि अशी चारच उपकरणं जोडता येतात.

बघा काय झालं. वाचणं, बघणं, ऐकणं, बोलणं हे सगळं टॅबवर आलं, कारण त्याला लागते ती फक्त जोडणी. जिथं "तू कोण?" असा प्रश्न येतो, तिथं टॅब फोनकडे बोट दाखवतो. जोडणी उसनी मिळते, ओळख मिळत नाही. ही अडचण वाटते खरी, पण हेच आपलं संरक्षण आहे. उद्या टॅब हरवला तर त्याबरोबर तुमचं सिम जात नाही.

माझा डेटा, भांडं कुठलं का असेना

इथं एक हक्काचा प्रश्न येतो. मी पैसे देऊन डेटा घेतला. तो फोनवर वापरावा की टॅबवर, हे मोबाइल कंपनीनं का ठरवावं? पाणी विकत घेतलं तर ते घागरीत भरावं की तांब्यात, हा माझा प्रश्न.

अमेरिकेत यावर वाद झाला. तिथं कंपन्या टेदरिंगसाठी वेगळे पैसे घेत. ते न देता टेदरिंग करू देणारी अ‍ॅप होती. व्हेरायझन या कंपनीनं ती अ‍ॅप दुकानातून ग्राहकांना मिळू नयेत असा प्रयत्न केला, अशी चौकशी तिथल्या दूरसंचार आयोगानं केली. कंपनीनं ज्या लहरींचा पट्टा घेतला होता त्याची अटच अशी होती की ग्राहकांना आपल्या पसंतीची अ‍ॅप आणि उपकरणं वापरू द्यायची. जुलै २०१२ मध्ये कंपनीनं साडेबारा लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. आपल्याकडे पॅकमधला डेटा हॉटस्पॉटवरून वापरणं ही सर्रास गोष्ट आहे. तरी अमर्याद म्हणवणाऱ्या पॅकच्या अटी एकदा वाचाव्यात.

हक्क झाला. आता त्याची दुसरी बाजू.

नाव कुणाचं लागतं?

२६ जुलै २००८. अहमदाबादेत बाँबस्फोटांची मालिका झाली. स्फोट व्हायच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. तो कुठून गेला याचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईतल्या एका घरात, तिथं राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाकडे. त्या ईमेलशी त्याचा संबंध नव्हता. त्याच्या वायफायला पुरेसं कुलूप नव्हतं, आणि कुणीतरी बाहेरून ते वापरलं होतं. पण पत्ता त्याच्या जोडणीचा होता. म्हणून दार त्याचं वाजलं आणि चौकशीला त्याला तोंड द्यावं लागलं.

मघाशी म्हटलं ते आठवा. बाहेरच्या जगाच्या लेखी आतलं बिऱ्हाड वेगळं दिसत नाही, वाड्याचा पत्ता दिसतो. तुमच्या हॉटस्पॉटवरून कुणी काहीही केलं, तर पहिल्यांदा विचारणा होते ती ज्याचं सिम आहे त्याला. म्हणून "ओपन" पर्याय नको म्हणालो.

यावर कुणी म्हणेल, मग द्यायलाच नको कुणाला. मला ते पटत नाही. शेजारच्या मुलीला निकाल बघायचाय आणि तिचा पॅक संपलाय. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला तिकिटाचा संदेश उघडायचाय. अशा वेळी हॉटस्पॉट नाकारणं म्हणजे विहीर असून तांब्याभर पाणी नाकारणं. पाण्याला नाही म्हणू नये, हे संस्कार आपल्यावर आहेतच. पण दान देणाऱ्यानं देश, काळ आणि पात्र बघावं, असंही आपली परंपरा सांगते. तो सल्ला इथं जसाच्या तसा लागू आहे. समोर बसून द्या. काम झालं की बंद करा. अनोळखी माणसाला दिलात तर नंतर पासवर्ड बदला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जोडलेली यंत्रं किती, हे फोन दाखवतो, तिकडे एकदा नजर टाका. एखादं नाव ओळखीचं नसेल तर काढून टाका.

अशा रीतीनं दिलं, तर देणाऱ्याला भीती राहत नाही आणि घेणाऱ्याला मिंधेपण वाटत नाही.

काही प्रश्न

प्रश्न : मी दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर टॅब जोडला तर त्याला माझं सगळं दिसतं का?

सगळं दिसत नाही. बहुतेक संकेतस्थळं आता कुलूपबंद जोडणी वापरतात, त्यामुळे तुम्ही काय लिहिलं, काय वाचलं हे मधल्याला कळत नाही. पण तुम्ही कुठल्या स्थळाकडे गेलात, हे बरेचदा कळू शकतं. पाकिटातलं पत्र वाचता येत नाही, पाकिटावरचा पत्ता वाचता येतो. ओळखीच्या माणसाचा हॉटस्पॉट असेल तर खुशाल वापरा. फलाटावर "फुकट वायफाय" असं कुणीतरी नाव ठेवलंय, त्यावर मात्र बँकेचं काम करू नका.

प्रश्न : मग नवा टॅब घेताना सिमची जागा असलेलाच घ्यावा का?

तुम्ही टॅब घेऊन एकटे बाहेर पडता का, हे आधी ठरवा. टॅब आणि फोन नेहमी एकाच पिशवीत असतील तर हॉटस्पॉट पुरतो. जास्तीचे पैसे आणि दुसरा रिचार्ज कशाला? पण घरात वायफाय नाही, फोन एकच, आणि तो यजमान दिवसभर बाहेर घेऊन जातात, टॅब घरी राहतो, अशी स्थिती असेल तर सिमचा टॅब घ्या. दाव्याची खुंटी दिवसभर दुसऱ्या गावी असेल तर दाव्याचा उपयोग काय?

प्रश्न : हॉटस्पॉट आपोआप बंद होतो. फोन बिघडलाय का?

बिघडलेला नाही, शहाणा आहे. काही वेळ कुणीच जोडलेलं नसलं तर बॅटरी वाचवायला तो स्वतः बंद होतो. अँड्रॉइडवर ही सोय काढूनही टाकता येते, पण माझा सल्ला, राहू द्या.

प्रश्न : सर, हे सगळं लक्षात राहत नाही हो. एवढं समजून काय करायचं? मुलगा लावून देतो.

देऊ दे की. प्रेमानं देतोय. फक्त एकदा त्याला शेजारी बसवा आणि स्वतःच्या बोटानं लावा. एका कागदावर पाचच ओळी लिहा : मोबाइल डेटा चालू, हॉटस्पॉट चालू, टॅबचं वायफाय चालू, आपलं नाव निवडा, काम झालं की बंद. पासवर्ड त्या कागदावर लिहू नका. तो कागद टॅबच्या कव्हरमध्ये ठेवा. आठवड्यातून एकदा, घरात वायफाय असलं तरी, मुद्दाम हॉटस्पॉटवर जोडून बघा. सरावातली गोष्ट अडचणीच्या वेळी आठवते. एरवी आठवत नाही.

बरं, वेळ झाली. उरलेले प्रश्न लिहून ठेवा, पुढच्या वेळी सुरुवात त्यांनीच करू. आणि आत्ता ज्यांनी हॉटस्पॉट चालू करून बघितला असेल, त्यांनी तो बंद करून मगच उठावं.